कथा-कादंबऱ्या आणि चित्रपटांतील कॅथलिक श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅथलिक श्रद्धेचा धागा असलेल्या कादंबऱ्या आणि चित्रपट यांवर लिहू लागल्यापासून वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांतील निवडक येथे एकत्र केले आहेत. आरंभीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अपवादांचे व अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो. ते टाळता आले नाही, कारण या कथांत श्रद्धेचा पेच बहुधा शेवटच्या काही पानांतच पडतो.

१. कॅथलिक कादंबरी किंवा कॅथलिक चित्रपट म्हणजे नेमके काय? चर्च, क्रूस आणि झगा घातलेले फादर दिसले की झाले का?

वेशभूषा आणि नेपथ्य यांवरून काहीच ठरत नाही. मेणबत्त्या, रंगीत काचा आणि काळा झगा कॅमेऱ्याला आवडतात, म्हणून श्रद्धेशी काहीही देणेघेणे नसलेल्या कितीतरी चित्रपटांत त्या हजेरी लावतात. माझी कसोटी सोपी आहे: कथेतून कॅथलिक धारणा काढून टाकली तर कथानक उभे राहते का? राहत असेल, तर ती धारणा तेथे शोभेपुरती होती.

'द गॉडफादर' (१९७२) या गुन्हेपटाला कोणी कॅथलिक चित्रपट म्हणत नाही, तरी त्यातील बाप्तिस्म्याचा प्रसंग या कसोटीला उतरतो. मायकल कॉर्लिओनी बहिणीच्या बाळाचा धर्मपिता म्हणून वेदीपाशी उभा आहे, सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करतोस का असे धर्मगुरू त्याला विचारत आहेत, आणि तो शांतपणे होकार देत असतानाच त्याच्या हुकमाने शहरात माणसे मारली जात आहेत. त्या प्रश्नोत्तरांचे वजन ज्याला ठाऊक आहे, त्याला तेथे खुनांखेरीज वेदीसमोर घेतलेली खोटी शपथही दिसते.

ज्या धारणा अशा कथांत काम करतात त्या मुख्यतः तीन आहेत. पाप खरे असते आणि माणूस ते निवडतो. देवाची कृपा पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस आणि माणसाचा हात अशा साध्या वस्तूंतून पोहोचते. आणि ती पोहोचवणाऱ्याच्या लायकीवर ती अवलंबून नसते. पुढची बरीच उत्तरे या तिसऱ्या धारणेभोवती फिरतात, कारण वाचकांचा सर्वांत जास्त गोंधळ तिच्यापाशीच होतो.

२. मी यातले काहीच वाचलेले वा पाहिलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

कादंबऱ्यांत ग्रॅहम ग्रीन यांच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) पासून, कारण ती पाठलागाची गोष्ट म्हणूनही हातातून सुटत नाही. चित्रपटांत झाव्हिए बोव्हुआ यांच्या 'ऑफ गॉड्स अँड मेन' (२०१०) पासून. अल्जीरियातील तिबिरीन येथल्या मठातून पळवून नेल्यानंतर १९९६ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या सात फ्रेंच मठवासींची ती कथा आहे, आणि 'जायचे की राहायचे' या एका प्रश्नावर ती उभी आहे. लघुकथाच हवी असेल तर जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊनच्या रहस्यकथा घ्याव्यात. अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्यापासून मात्र सुरुवात करू नये. त्यांच्याकडे प्रश्न ४ वाचून जावे.

३. लेखक किंवा दिग्दर्शक स्वतः कॅथलिक असावा लागतो का?

नाही, आणि उदाहरणे इतकी आहेत की हा नियम कोणाला सुचावा याचेच नवल वाटते. फादर ब्राऊन १९१० मध्ये कागदावर अवतरले, तर त्यांचे जनक चेस्टरटन कॅथलिक झाले १९२२ मध्ये. 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप' (१९२७) लिहिणाऱ्या विला कॅथर एपिस्कोपल या कॅथलिकेतर पंथाच्या होत्या. 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' (१९६४) हा येशूवरील कदाचित सर्वांत निर्मळ चित्रपट पिएर पाओलो पासोलिनी या मार्क्सवादी, नास्तिक माणसाने काढला आणि तेविसावे पोप जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' आणि 'द मिशन' लिहिणारे रॉबर्ट बोल्ट श्रद्धावान नव्हते.

उलट बाजूने पाहिले तर १९२६ मध्ये कॅथलिक झालेले ग्रीन आयुष्यभर तक्रार करत राहिले की आपण कॅथलिक लेखक नसून लेखक आहोत आणि योगायोगाने कॅथलिकही आहोत. त्यांची तक्रार रास्त होती, पण त्यांच्या मधल्या काळातील कादंबऱ्या वाचल्यावर ती पूर्णपणे मानवत नाही.

४. 'कृपा' हा शब्द प्रत्येक समीक्षणात येतो. कथेत कृपा ओळखायची कशी?

संतवाङ्मयामुळे हा शब्द मराठी कानाला परका नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. कृपा म्हटले की आपल्या मनात सावली, गारवा, डोक्यावरचा हात असे काही येते. या कथांतील कृपा बहुधा न मागता येते, अवेळी येते आणि येताना काहीतरी मोडते.

ओ'कॉनर यांच्या 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' या कथेतली आजी बडबडी, स्वतःवर खूश असलेली, थोडी लबाड बाई आहे. सहलीला निघालेल्या कुटुंबाची मोटार उलटते आणि तुरुंगातून पळालेला एक खुनी त्यांना गाठतो. घरातली माणसे एकेक करून रानात नेली जातात, आजी स्वतःला वाचवण्यासाठी गोड बोलत राहते, आणि अगदी शेवटी, त्या खुन्याचा चेहरा रडवेला झालेला पाहून तिचे डोके क्षणभर स्वच्छ होते. तू तर माझ्याच लेकरांपैकी एक आहेस, असे म्हणून ती त्याच्या खांद्याला हात लावते. साप चावल्यासारखा तो मागे उडी मारतो आणि तिच्या छातीत तीन गोळ्या घालतो. तो स्पर्श ही त्या कथेतली कृपा. जन्मभर जमले नाही ते आजीला एका क्षणापुरते जमले, आणि खुन्याला नकोसे झाले ते तेच.

या कथेत एकही कॅथलिक पात्र नाही हेही लक्षात घ्यावे. जॉर्जियातील प्रोटेस्टंट माणसांबद्दल लिहूनही ओ'कॉनर यांची दृष्टी अस्सल कॅथलिक राहिली, म्हणून प्रश्न १ मधील कसोटी येथेही लागू पडते.

५. पडद्यावरचा पाद्री कॅथलिक, प्रोटेस्टंट की ऑर्थोडॉक्स हे कसे कळावे?

ढोबळमानाने, त्याची बायको कथेत असेल तर तो रोमन परंपरेतला कॅथलिक नव्हे. क्रूसावर येशूचे शरीर असणे, मरियामातेची मूर्ती आणि पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापे कबूल करून क्षमा मागण्याची, लाकडी खोली या कॅथलिक खुणा मानाव्यात, पण त्यांवर पूर्ण विसंबू नये. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पंथाच्या एका शाखेत धर्मभगिनी असतात, पाद्र्याला फादर म्हणतात आणि पापनिवेदनही होते. 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) मधील हिमालयातल्या धर्मभगिनी अँग्लिकन आहेत, तरी त्या चित्रपटाचा निषेध अमेरिकेतील कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी' या संस्थेने केला होता. पूर्वेकडील काही चर्चेस पोपचा अधिकार मानतात आणि त्यांच्यात विवाहित धर्मगुरूही असतात. इंगमार बर्गमन यांच्या 'विंटर लाइट' (१९६३) मधील पाद्री लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, आहे. देवाचे मौन हा त्या चित्रपटाचाही विषय असल्यामुळे प्रश्न १२ मधील कथेशी त्याची नेहमी गल्लत होते.

काळाचीही एक खूण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे १९६२ च्या आधी, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू बहुधा वेदीकडे तोंड करून उभे राहत. चाळिशीच्या दशकातल्या कथेत धर्मगुरू लोकांकडे तोंड करून इंग्रजीत मिस्सा म्हणताना दिसले, तर दिग्दर्शकाने अभ्यास केलेला नाही असे समजावे.

६. मिस्सेतील भाकर आणि द्राक्षारस यांवरून एवढे नाट्य का घडते? ती प्रतीकेच ना?

कॅथलिक श्रद्धेनुसार ती प्रतीके नाहीत. धर्मगुरूने मिस्सेत ठरलेले शब्द उच्चारल्यावर भाकर आणि द्राक्षारस यांचे रूप, चव, वास तसेच राहतात, पण त्यांचे सत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. एका जेवणाच्या टेबलावर कोणी या संस्काराला सुंदर प्रतीक म्हटले, तेव्हा ओ'कॉनर यांनी ते नुसते प्रतीक असेल तर गेले खड्ड्यात, अशा अर्थाचे उत्तर दिले होते.

या धारणेला एक काटेकोर नियम जोडलेला आहे: भाकर गव्हाची आणि रस द्राक्षांचाच हवा. दुसरे कोणतेही पेय चालत नाही. हे ठाऊक असेल तरच 'द पॉवर अँड द ग्लोरी'मधला मधला प्रसंग पूर्ण उलगडतो. मेक्सिकोच्या ज्या राज्यात धर्मगुरूंना गोळ्या घातल्या जातात आणि दारूवर बंदी आहे, तेथे वेष पालटून हिंडणारा एक निनावी, व्यसनी धर्मगुरू मिस्सेसाठी चोरून द्राक्षारस विकत घेतो. विकणारा गव्हर्नरचा चुलतभाऊ. त्याच्याकडून ब्रँडीची बाटलीही घ्यावीच लागते. सौदा झाल्यावर चुलतभाऊ आपल्याच गिऱ्हाइकाकडून पाहुणचाराची अपेक्षा करतो आणि धर्मगुरूला ब्रँडी पुढे करता येत असूनही सगळ्यांचा ओढा द्राक्षारसाकडेच जातो. मग पोलिसांचा बडा अधिकारी येतो, आणखी एक पेला, आणखी एक, आणि डोळ्यांदेखत बाटली रिकामी होते. धर्मगुरूच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून ते दारूचा परिणाम समजतात. बाटलीच्या तळाशी त्या साऱ्या मुलखाची मिस्सा होती, हे खोलीतल्या एकाच माणसाला माहीत आहे. हातात राहते ती ब्रँडी, आणि ती मिस्सेच्या कामाची नाही. पुढे तो पकडला जातो तोही त्या ब्रँडीपायीच.

७. या कथांतले धर्मगुरू इतके दारुडे, भित्रे, पापी का असतात? अशा माणसाच्या हातून झालेला संस्कार खोटा ठरत नाही का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चौथ्या शतकातच दिले गेले. उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथाचे म्हणणे असे होते की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंचे संस्कार रद्द समजावेत. संत ऑगस्टिन यांनी त्यांच्याविरुद्ध जी भूमिका मांडली ती चर्चने कायम ठेवली: संस्कार देणारा खरा ख्रिस्त आहे, मधला माणूस मलिन असला तरी बाप्तिस्मा बाप्तिस्माच राहतो. असा धर्मगुरू स्वतःच्या पापाला उत्तरदायी असतोच, पण त्याच्याकडे आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

कादंबरीकाराला यातून मोठे घबाड मिळते. ग्रीन यांच्या धर्मगुरूला स्वतःची एक मुलगी आहे, तिच्याबद्दलच्या मायेमुळे त्याला ते पाप मनापासून नकोसेही वाटत नाही, आणि तरीही त्या राज्यात देवाला लोकांपर्यंत नेणारा तोच एकटा उरला आहे. संत असता तर कथा एका पानात संपली असती. जॉन फोर्ड यांनी १९४७ मध्ये 'द फ्युजिटिव्ह' या नावाने या कादंबरीचा चित्रपट केला तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेपायी धर्मगुरूची दारू आणि मूल दोन्ही काढून टाकावी लागली, आणि ते मूल पोलीस अधिकाऱ्याच्या पदरी टाकले गेले. छायाचित्रण देखणे आहे, पण नायकाला निष्कलंक केल्याबरोबर कादंबरीचा कणाच निघून गेला.

८. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू खरोखर कोणालाच सांगू शकत नाहीत का? खून असला तरी?

खून असला तरी नाही. धर्मकायद्यानुसार हे गुपित अभंग आहे आणि त्याचा थेट भंग करणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप धर्मबहिष्कृत होतो. कायदा एवढ्यावर थांबत नाही. न बोलता, केवळ त्या माहितीचा वापर करून निवेदन करणाऱ्याचे नुकसान करणेही निषिद्ध आहे, म्हणजे पोलिसांना अमुक दिशेने पाहा असे सुचवताही येत नाही.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'आय कन्फेस' (१९५३) याच अटीवर चालतो. क्वेबेकमधील फादर लोगन यांच्यापाशी एक माणूस खुनाचे निवेदन करतो, खून करताना त्याने धर्मगुरूचा झगा घातला होता, आणि संशय फादर लोगन यांच्यावरच येतो. स्वतः फासावर जाण्याची वेळ आली तरी त्यांना तोंड उघडता येत नाही. अनेक प्रेक्षकांना ही अट अविश्वसनीय वाटल्याने चित्रपट फारसा चालला नाही, पण नियमांच्या दृष्टीने तो चोख आहे. गुपित बांधते ते ऐकणाऱ्याला; निवेदन करणारा स्वतः हवे त्याला सांगू शकतो, आणि कथेची गाठ शेवटी त्याच बाजूने सुटते.

९. झगा चढवलेल्या तोतयाने पापनिवेदन ऐकले तर? आणि धर्मगुरुपद सोडलेल्या माणसाने ऐकले तर?

वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे उलट आहेत. तोतयाला गुरुदीक्षाच, म्हणजे धर्मगुरू होतानाचा संस्कारच, मिळालेला नसल्यामुळे त्याने दिलेली पापक्षमा शून्यवत आहे, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. गुरुदीक्षा मात्र पुसली जात नाही. पद सोडलेल्या धर्मगुरूला एरवी हा संस्कार देण्याची मुभा नसते, पण समोरचा माणूस मरणाच्या दारात असेल तर कोणताही दीक्षित धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो आणि ती वैध असते. आजच्या धर्मकायद्यात हे कलम ९७६ आहे, आणि नियम त्याहून बराच जुना आहे.

जॉर्ज बर्नानोस यांच्या 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' (१९३६) या कादंबरीचा शेवट या एका अपवादावर तोललेला आहे. पाव आणि हलक्या प्रतीचा द्राक्षारस यांवर दिवस काढणारा तरुण धर्मगुरू पोटाच्या कर्करोगाने एका जुन्या मित्राच्या कळकट बिऱ्हाडात मरतो. तो मित्र धर्मगुरुपद सोडून एका बाईबरोबर राहत आहे. दुसरा धर्मगुरू वेळेवर येण्याची शक्यता नसते, म्हणून मरणारा त्याच्याकडेच पापक्षमा मागतो आणि तो संकोचत ती देतो. रोबेर ब्रेसों यांच्या १९५१ च्या चित्रपटात हा मृत्यू दाखवलेलाच नाही; पत्राचा मजकूर कानांवर पडत राहतो आणि पडद्यावर फक्त एक क्रूस उरतो.

१०. 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड'मध्ये ज्युलिया चार्ल्सशी लग्न का करत नाही? दोघांचेही घटस्फोट होत असतात ना?

इव्हलिन वॉ यांच्या १९४५ च्या या कादंबरीबद्दल वाचक चिडून लिहितात, आणि त्यांच्या चिडण्याला थोडे कारणही आहे. दिवाणी घटस्फोटाने चर्चच्या दृष्टीने विवाह संपत नाही. त्यातली खोच अशी की ज्युलियाचे रेक्सशी झालेले लग्न चर्चच्या लेखी मुळात विवाहच नव्हते, कारण रेक्सची पहिली बायको हयात होती. त्या बाजूने ज्युलिया मोकळी आहे. अडचण चार्ल्सची. दोन कॅथलिकेतर व्यक्तींचा विवाहही चर्च वैधच गृहीत धरते, त्यामुळे अश्रद्ध चार्ल्स आणि सीलिया यांचे लग्न ज्युलियाच्या धर्मानुसार अजून उभे आहे.

तरी निर्णय केवळ नियमावरून होत नाही. आयुष्यभर धर्माकडे पाठ फिरवलेले तिचे वडील मरताना, चार्ल्सला वाटते की हात कपाळाला लावलेले पवित्र तेल पुसायला वर जातो आहे, आणि तो हात कपाळ, छाती, खांदा अशी क्रूसाची खूण करतो. ते पाहिल्यावर ज्युलियाला मागे फिरता येत नाही.

११. ग्रीन यांच्या 'द हार्ट ऑफ द मॅटर'मधील स्कोबी नरकात जातो असे मानायचे का?

लेखकाने मुद्दाम हा प्रश्न बंद केलेला नाही. पोलीस अधिकारी स्कोबी व्यभिचारात अडकतो, मोठे पाप मनावर असताना ख्रिस्तशरीर स्वीकारतो, जे त्याच्या श्रद्धेनुसार आणखी भयंकर पाप आहे, आणि अखेरीस आत्मघात करतो. हे सारे तो इतरांवर दया येऊन करतो. १९४८ मध्ये पुस्तक आले तेव्हा वॉ यांच्यासह अनेक कॅथलिक वाचक अस्वस्थ झाले. कादंबरीत मात्र फादर रँक स्कोबीच्या विधवेला फटकारतात, की चर्चला सगळे नियम ठाऊक असले तरी एका माणसाच्या मनात काय चालते ते ठाऊक नसते. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही आत्महत्या गंभीर चूक मानतो, पण मानसिक यातना आणि भीती यांनी जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगतो.

१२. 'सायलेन्स'मध्ये फादर रॉड्रिग्ज श्रद्धा सोडतात की नाही?

शूसाकू एन्दो यांच्या १९६६ च्या कादंबरीत सतराव्या शतकातील जपानी अधिकारी ख्रिस्ती असल्याचा संशय असलेल्यांना 'फुमिए' म्हणजे ख्रिस्ताची वा मरियामातेची प्रतिमा कोरलेली पाटी तुडवायला लावतात. रॉड्रिग्ज यांच्यापुढचा पेच अधिक क्रूर आहे, कारण ते नकार देत राहतील तोवर खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी मरणयातना भोगत राहणार आहेत. पायांनी झिजलेला पाटीवरचा चेहरा त्यांना तुडव असे सांगतो, ते पाय ठेवतात, आणि दूर कोंबडा आरवतो. कोंबडा आरवणे ही शिष्य पेत्राने येशूला नाकारल्याची आठवण आहे. त्यामुळे तो आवाज ख्रिस्ताचा होता की खचलेल्या मनाचा, हे एन्दो यांनी उघडे ठेवले आहे.

चर्चच्या शिकवणीनुसार जबरदस्तीने कृतीची जबाबदारी कमी होते, आणि पडलेल्यांना प्रायश्चित्तानंतर परत घेण्याची रीत तिसऱ्या शतकापासूनची आहे. माझ्या मते निर्णायक प्रसंग नंतरचा आहे. पुन्हा पुन्हा घात करणारा किचिजिरो परत येऊन पापक्षमा मागतो आणि धर्मत्यागी ठरलेले रॉड्रिग्ज त्याचे निवेदन ऐकतात. गुरुदीक्षा पुसली जात नाही, हे प्रश्न ९ मध्ये आलेच आहे. मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१६ च्या चित्रपटात शेवटी रॉड्रिग्ज यांच्या मृत हातात छोटा क्रूस दाखवला. तो कादंबरीत नाही, आणि तो दाखवायला नको होता असे मला वाटते.

१३. भूत उतरवण्याचे चित्रपट कितपत खरे असतात?

बहुतेक फारच थोडे. अपदूतनिष्कासनाचा विधी करायला बिशपची स्पष्ट परवानगी लागते, ती ठरावीक धर्मगुरूलाच मिळते, आणि आधी वैद्यकीय कारणे तपासून पाहावी लागतात. विधीचा १६१४ चा मूळ ग्रंथ १९९९ मध्ये सुधारला गेला. 'दि एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या बाबतीत नंतरच्या नकलांहून प्रामाणिक आहे: मुलीच्या तपासण्या चालतात, फादर कॅरस स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि परवानगी रीतसर मागितली जाते.

१४. पोपच्या निवडीवरील 'कॉन्क्लेव्ह' चित्रपटात ऐनवेळी आलेल्या गुप्त कार्डिनलना मत देता आले असते का?

नसते. पोप एखाद्या कार्डिनलचे, म्हणजे पुढचा पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याचे, नाव गुप्त ठेवू शकतात, पण ते कार्डिनलमंडळासमोर जाहीर होण्यापूर्वी पोपचे निधन झाले तर ती नेमणूक लोप पावते. २०२४ च्या चित्रपटाने येथे कथेसाठी सवलत घेतली आहे. तथापि निवडून येण्यासाठी कार्डिनल असणे कायद्याने आवश्यक नाही, त्यामुळे कथानक पूर्णपणे ढासळत नाही. ऐंशी वर्षांखालील कार्डिनलांनीच मत देणे आणि दोनतृतीयांश बहुमत लागणे हे चित्रपटात बरोबर आहे.

१५. आणि 'द दा विंची कोड' ही रहस्यकथा कितपत खरी?

त्यातील खुनी 'ओपस देई' या कॅथलिक संस्थेचा मठवासी आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मठवासी नसतातच, बहुसंख्य सदस्य संसारी लोक असतात. बाकीच्या इतिहासाची जातकुळी यावरून ओळखावी.

१६. चर्च पुस्तकांवर आणि चित्रपटांवर बंदी घालते का?

पूर्वी घालत असे. निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ पासून होती आणि १९६६ मध्ये ती रद्द झाली. आज कादंबरीला वा चित्रपटाला चर्चची पूर्वसंमती लागत नाही. तशी संमती धर्मशिक्षणाच्या पुस्तकांसारख्या ग्रंथांना घ्यावी लागते.

'द पॉवर अँड द ग्लोरी' त्या सूचीत कधीच गेली नाही, पण १९५३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने तिच्यावर ठपका ठेवला आणि ग्रीन यांना बदल करण्यास सांगितले गेले. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असे नम्र उत्तर देऊन ग्रीन मोकळे झाले. पुढे १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी भेटीत त्यांना सांगितले की तुमच्या पुस्तकांतील काही भाग काही कॅथलिकांना नेहमीच खटकणार, तिकडे लक्ष देऊ नका.

चित्रपटांबाबत अमेरिकेतील 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संस्था तीसच्या दशकापासून प्रतवारी ठरवत असे, आणि १९३६ मध्ये अकरावे पोप पायस यांनी चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रकही काढले. गंमत अशी की याच दबावाच्या एका प्रकरणातून उलट निकाल निघाला. रोबेर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल'चा परवाना न्यूयॉर्कमध्ये धर्मनिंदेच्या कारणाने काढून घेतला गेला, आणि १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतात असे ठरवले.

१७. व्हॅटिकनने चांगल्या चित्रपटांची यादी काढली आहे म्हणतात. ती खरी का?

खरी आहे. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन भागांत प्रत्येकी पंधरा, असे ४५ चित्रपट निवडले गेले. ती आज्ञा नाही, शिफारस आहे. प्रश्न १६ मधील रोसेलिनी यांचाच संत फ्रान्सिसवरील चित्रपट तीत आहे. धर्मनिंदक म्हणून गाजलेले लुई बुन्युएल यांचा 'नाझारिन'ही आहे. 'बॅबेट्स फीस्ट'ही तीत आहे. दोन कर्मठ लुथरन बहिणींच्या घरी राबणारी कॅथलिक स्वयंपाकीण आपली सगळी पुंजी एका मेजवानीवर उधळते, अशी ही कथा पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या पत्रात उद्धृत केली.

१८. धर्मगुरूंचे अत्याचार किंवा मठांतील छळ दाखवणारे चित्रपट कॅथलिकविरोधी समजावेत का?

सरसकट नाही. 'स्पॉटलाइट' (२०१५) बोस्टनमधील खऱ्या शोधपत्रकारितेवर आधारलेला आहे, आणि खरे सांगणे हा श्रद्धेवर हल्ला होऊ शकत नाही. धर्मभगिनींनी चालवलेली, 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना राबवून घेणारी आयर्लंडमधील मॅग्डालेन धुलाईघरे खरी होती आणि त्यांतील शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) या छोट्या कादंबरीतला कोळशाचा व्यापारी नाताळाच्या तोंडावर मठात माल टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत कुलूपबंद केलेली एक मुलगी त्याला सापडते. पुढे तो जे करतो ते मठाच्या मर्जीविरुद्ध आहे, आणि त्या गावातील सगळ्या मिस्सांहून अधिक ख्रिस्ताला धरून आहे. प्रश्न १ ची कसोटी लावली तर हे पुस्तक पूर्णपणे कॅथलिक ठरते.

१९. जिथे धर्माचे नावही नाही अशा कथेला कॅथलिक म्हणणे ओढूनताणून होत नाही का?

पुष्कळदा होते. प्रत्येक त्यागी नायकात ख्रिस्त शोधण्याची सवय मला कंटाळवाणी वाटते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या बाबतीत मात्र जे. आर. आर. टॉल्किन यांनीच १९५३ च्या पत्रात ही मूलतः कॅथलिक कृती असल्याचे लिहिले आहे. अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, देवदूताने मरियेला संदेश दिल्याच्या सणाच्या दिवशी. ती नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ऐनवेळी हरतो. काम पूर्ण होते ते अंगठीने पछाडलेल्या गॉलमवर पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे. यशाचे श्रेय नायकाला न मिळणे, हे प्रश्न ४ मधील कृपेचेच काम आहे.

२०. चित्रीकरणात दाखवलेली मिस्सा किंवा पापक्षमा खरी होते का? नट खराच धर्मगुरू असेल तर?

नट दीक्षित नसेल तर प्रश्नच उद्भवत नाही. खरा धर्मगुरू अभिनय करत असेल तरीही होत नाही, कारण संस्कारासाठी चर्च जे करते ते करण्याचा हेतू लागतो, आणि कॅमेऱ्यापुढे हेतू अभिनयाचा असतो. हा प्रश्न काल्पनिक नाही. 'दि एक्झॉर्सिस्ट'च्या शेवटी पायऱ्यांच्या तळाशी रक्तबंबाळ पडलेल्या फादर कॅरस यांचा हात हातात घेऊन फादर डायर त्यांना पापनिवेदन करायचे आहे का असे विचारतात, आणि बोलता न येणारे कॅरस हाताच्या हालचालीने होकार देतात. डायर यांची भूमिका करणारे विल्यम ओ'मॅली स्वतः जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते. त्यांनी उच्चारलेले पापक्षमेचे शब्द नेहमीचेच होते, पण त्या पायऱ्यांवर कोणालाही पापक्षमा मिळाली नाही.